गांडूळखताचा धंदा : पालघर-बोईसरकडे आम्ही काय पाहिले



गेल्या दिवाळीनंतर आमच्या शेतकी खात्यात ऊसनोंदीपेक्षा गांडुळांचीच चौकशी जास्त झाली. एक एजंट गटागटांतून फिरत होता. त्याच्याकडून गांडुळांचे कल्चर विकत घ्यायचे आणि वाढलेली गांडुळे तोच चढ्या दराने परत घेणार, असा स्टँपपेपरवरचा करार. आमच्या एका सभासदांनी उसाच्या पहिल्या बिलातून त्याला आगाऊ रक्कम भरली आणि मग ते कागद घेऊन आमच्याकडे आले. "साहेब, जरा बघता का?" पैसे भरल्यावर कागद दाखवायची आपली रीत जुनीच आहे.

आम्ही शेतीचे डिप्लोमावाले, कायद्यातले आम्हांस फारसे कळत नाही. परंतु गांडूळ खरेच पैसा देते काय, हे डोळ्यांनी पाहता येण्यासारखे होते. दुसऱ्या एका सभासदांचा मुलगा बोईसरला एमआयडीसीत नोकरीस आहे. तिकडे दोन प्रकल्प चालू आहेत, असे त्याने कळविले. मग काय, सहा सभासदांना जीपमध्ये घेतले आणि त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड करीत पालघर गाठले.

हा मुलूख आपल्यासारखा नव्हे. ऊस नाहीच म्हणा. भात, किनाऱ्याकडे केळवे-माहीमच्या पानवेली आणि वर डहाणू-घोलवडचा चिकू, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पाऊस मात्र आपल्या कितीतरी पट. त्यामुळे तेथे गांडुळांच्या आधी छपराचा विचार करावा लागतो.

पालघरजवळचा पहिला प्रकल्प बचत गटाच्या बायकांचा. सिलपोलीनचे दहा वाफे, प्रत्येक १२ फूट लांब, ४ फूट रुंद, २ फूट उंच. वर बांबूचा मांडव व ताडपत्री, जमीन जोत्यासारखी वीतभर उचललेली, भोवती पाण्याची चारी. चारी पावसासाठी असेल असे आम्हांस वाटले. गटाच्या अध्यक्षीणबाई हसल्या. "पावसाला ती हवीच, पण मुंग्यांसाठी आधी हवी. कोंबड्या दिसतात तरी, मुंग्या रात्रीत वाफा साफ करतात." सामान म्हणाल तर फावडे नको, हाताने किंवा बोथट दाताळ्याने काम. झारी, गोणपाट, चार मिलिमीटर जाळीची चाळण, वजनकाटा व पोती शिवायची सुई. यंत्र म्हणून एकही नाही.

जात त्यांनी आयसेनिया फेटिडा ठेवली होती, म्हणजे तांबड्या पट्ट्यांचे बारीक गांडूळ. दुसरी जात युड्रिलस युजेनी, ती मोठी व खादाड. दोन्ही बाहेरदेशाच्या आणि वरच्यावर राहून कुजका पाला-शेण खाणाऱ्या. हे सभासदांनी नीट ध्यानात घ्यावे, कारण एजंटाने "हीच गांडुळे उसात सोडा, जमीन भुसभुशीत होईल" असेही सांगितले होते. ती जमिनीत खोल बिळे करणारी नव्हेत. उसाच्या सरीत पाचट ठेवले व ओल राखली, तर आपली गावठी गांडुळे आपणहून वर येतात, त्यांना विकत आणावे लागत नाही. इंग्लंडात चार्ल्स डार्विनने १८८१ च्या आपल्या पुस्तकात मोजमाप देऊन दाखविले की, तेथे कित्येक ठिकाणी एका एकरातली दहा टनांवर माती दरसाल गांडुळांच्या पोटातून जाते. ती शेतातलीच गांडुळे होती. आपल्याकडे पुण्यात डॉ. उदय भवाळकर यांनी १९८० च्या दशकात या विषयाला वाहून घेतले, तेव्हापासून गांडूळखत शेतकऱ्याच्या बोलण्यात आले.

गटाची खरी अडचण गांडुळांची नव्हती, खाद्याची होती. तिकडे भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात. पाला, गोवऱ्या, फांद्या सगळे त्यात जाते. त्यामुळे शेण व पालापाचोळा घराघरांतून विकत घ्यावा लागतो. आम्ही तेथेच हिशेब मांडला, तो देतो. एका वाफ्यात साधारण एक टन माल बसतो. शंभर किलो मालाला हजार गांडुळे, म्हणजे एका वाफ्याला दहा हजार सोडली की दोन-अडीच महिन्यांत निम्मे, पाच क्विंटलच्या आसपास खत निघते. उन्हाळ्याच्या कडाक्यात काम मंदावते, तेव्हा वर्षाला चार-पाच वेळा वाफा भरतो. दहा वाफ्यांचे वर्षाचे वीस-पंचवीस टन खत झाले. पण त्यासाठी चाळीस-पन्नास टन माल लागतो! निम्मे शेण धरले तर पाच-सहा जनावरांचे वर्षभराचे सगळे शेण. ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत त्याने दहा वाफ्यांची स्वप्ने पाहू नयेत.

विक्री त्यांची चिकूवाल्यांना व मुंबईच्या बाजूच्या रोपवाटिकांना आहे. पोती जातात ती खताची. गांडुळे कधीमधी कोणी नवा सुरू करणारा नेतो, तेवढीच. बाईंना आम्ही एजंटाचा करार वाचून दाखविला. त्यांनी एकच विचारले, "तो परत घेतलेली गांडुळं कोणाला विकणार?" आमच्यातले कोणी बोलले नाही.

दुसरा प्रकल्प बोईसरच्या पुढे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूर अणुवीज केंद्राचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण बोईसरची वस्ती वाढली ती रसायनांच्या कारखान्यांमुळे. या प्रकल्पाचे मालक निवृत्त फिटर. हिशेब चोख, वाफे विटांचे पक्के. त्यांच्याकडे एक ट्रकवाला येऊन म्हणाला होता, काळा गाळ फुकट टाकतो, शेणात मिसळा. त्यांनी त्याला फाटकातूनच परत पाठविले. त्यांचे म्हणणे आम्हांस पटले. गांडूळ मेले नाही म्हणजे माल चांगला असे नव्हे. कॅडमियम, शिसे यांसारखे जड धातू ते अंगात साठविते आणि खतातही ते राहतात. खत नियंत्रण आदेशानुसार गांडूळखतात सेंद्रिय कर्ब किमान १८ टक्के व नत्र १ टक्का हवे, आणि कॅडमियम किलोमागे ५ मिलिग्रॅम, शिसे १०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. पिशवीवर नाव छापून विकायचे तर तपासणीचा खर्च धंद्यात धरलाच पाहिजे.

आपल्याकडे खाद्याला तोटा नाही. एकरी तीन-चार टन पाचट आपण काडी लावून घालवितो, आणि कारखान्याचे प्रेसमड आहेच. मात्र येथे आमची फजिती सांगणे भाग आहे. आल्यावर मोठ्या उत्साहाने आम्ही नर्सरीमागच्या पडवीत वाफा केला, ताजे प्रेसमड व थोडे शेण भरले आणि पालघरहून गोणपाटात आणलेली पाच किलो गांडुळे सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मी कडेला चढलेली, उरलेली मेलेली. ताजे प्रेसमड आतून इतके तापते की हात घालवत नाही, हे आम्ही दुसऱ्यांना शिकवितो आणि स्वतः विसरलो. शिपाई म्हणाला, "साहेब, शिजली की हो!" आता प्रेसमड तीन आठवडे पसरून, पाणी मारून, दोन-तीनदा पालथे केले. कोपरापर्यंत हात घालून गार लागल्यावरच वाचलेली गांडुळे सोडली. ती तग धरून आहेत. पाचट मात्र तुकडे करून, शेणकाल्यात महिना-दीड महिना कुजवूनच वापरावे, कोरडे पाचट गांडूळ खात नाही.

फेरखरेदीबद्दल दोन शब्द. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातली बी अँड बी वर्म फार्म्स ही कंपनी असेच करार करून गांडुळे विकत होती. २००३ साली ती दिवाळखोरीत गेली आणि गांडुळे पाळणाऱ्यांच्या गळ्यात पडली. आपल्याकडे २०१९ चे कडकनाथ कोंबड्यांचे प्रकरण अजून ताजे आहे. परत विकत घेणाऱ्याचा पैसा नव्या गिऱ्हाइकाच्या आगाऊ रकमेतून येत असेल, तर गिऱ्हाईक संपले की करारही संपला.

आमच्या त्या सभासदांनी एजंटाला चार फोन केले. पाचव्याला उचलला नाही. कागदपत्रे घेऊन ते आता तालुक्याला वकिलांकडे गेले आहेत. दरम्यान घरच्या तीन म्हशींच्या शेणावर त्यांनी दोन वाफे भरले आहेत, खत आपल्याच खोडव्याला घालण्यासाठी. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी सोमवारी बाजारच्या दिवशी सकाळी शेतकी खात्यात यावे. नर्सरीतला वाफा दाखवू. मूठभर गांडुळे हवी असल्यास पाऊस संपल्यावर देऊ, आताच मागू नयेत.