आठ आणे अजून बंद नाहीत. कोणतं नाणं चालतं, कोणतं नाही?

आठवडी बाजारात आठ आण्याचं नाणं पुढे करून बघा. 'हे कधीच बंद झालं' असंच उत्तर मिळेल. पण ते बंद झालेलं नाही. 30 जून 2011 ला चलनातून गेली ती 25 पैसे आणि त्याखालची नाणी. 50 पैसे त्या यादीत नव्हते. सरकारने नाही, बाजारानेच ते बंद करून टाकलं.

'आठ आणे' हे नाव जुन्या हिशोबातलं. तेव्हा रुपयाचे 16 आणे आणि आण्याचे 4 पैसे, म्हणजे रुपयाला 64 पैसे. म्हातारी माणसं सांगतात तो भोकाचा पैसा 1943 ते 1947 मधला. महायुद्धात धातू वाचवायचा म्हणून मधोमध भोक ठेवलं होतं. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे 100 पैसे झाले. जुन्या-नव्याचा गोंधळ नको म्हणून नाण्यावर 'नया पैसा' लिहायचे. 1964 मध्ये 'नया' काढून टाकलं. हिशोबातून आणा गेला, पण 25 अन् 50 पैसे बरोबर बसत असल्याने चार आणे, आठ आणे तोंडात राहिले.

त्या नाण्यांचं एक बरं होतं. पाच पैसे चौकोनी, दहा पैसे कंगोऱ्याचं, वीस पैसे सहा कोनांचं. लिहिता-वाचता न येणारा माणूसही खिशात हात घालून ओळखायचा. आता एक आणि दोन रुपये चष्म्याशिवाय कळत नाहीत, याला सुधारणा म्हणवत नाही. हातातलं नाणं कुठलं, हे मात्र अजून ओळखता येतं. सालाखाली हिऱ्यासारखी खूण असेल तर मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं.

दहाच्या नाण्याचंही तेच दुखणं. 'खोटं आहे' म्हणून कित्येक ठिकाणी नाकारतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये सांगितलं होतं की तोवर 14 नमुने निघालेत आणि सगळे खरे आहेत. रुपयाचं चिन्ह असलेलं आणि नसलेलं, दोन्ही चालतात.

दुकानदाराचीही एक बाजू आहे. कायद्याने 50 पैशांची नाणी एका व्यवहारात 10 रुपयांपर्यंतच घ्यावी लागतात, रुपया आणि वरची 1000 रुपयांपर्यंत. बँकेला मात्र नाणी नाकारता येत नाहीत. नाकारली तर आधी शाखेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. 30 दिवसांत काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी फोन 14448.

आणि मोबाईलवर 'जुनं नाणं द्या, लाखो मिळवा' असं आलं तर सावध राहा. आधी कमिशन किंवा टॅक्स भरायला सांगतात, वर रिझर्व्ह बँकेचं नाव लावतात. असे पैसे आम्ही मागत नाही, असा इशारा बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच दिलाय.

पुढे काय? अमेरिकेने 1793 पासून चालत आलेलं एक सेंटचं नाणं, म्हणजे पेनी, चलनासाठी पाडणं नोव्हेंबर 2025 मध्ये थांबवलं. एक पेनी पाडायला साडेतीन सेंटपेक्षा जास्त खर्च यायचा. लोकांकडे असलेल्या पेनी मात्र तिथे अजून चालतात. आपल्याकडेही 2018 मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आलं होतं की एक रुपयाच्या नाण्याला 1 रुपया 11 पैसे खर्च येतो. पैसा आता राहिलाय तो पेट्रोलच्या भावात, दुधाच्या दरात आणि फोनवरच्या व्यवहारात.

घरात डब्यात आठ आणे साठले असतील तर बँकेत नेऊन भरा. चार आण्याचे मात्र आता बदलून मिळत नाहीत, ते पोरांना खेळायला द्या.