कवडशाचा फोटो म्हणजे नेमका कशाचा फोटो?

‘दिसणं’ आणि ‘असणं’ यांतला फरक हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. आज आपण त्याच्याकडे एका फोटोच्या वाटेनं जाऊ.

फोटो बहुतेकांनी पाहिलेला असेल. लाटांसारख्या वळत गेलेल्या नारिंगी दगडी भिंती, आणि त्यांच्यामधून सरळ खाली उतरलेला उजेडाचा एक खांब. ही जागा म्हणजे अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, पेज गावाजवळची अँटिलोप कॅनियन. वालुकाश्मात कोरली गेलेली ही अरुंद घळ नावाहो लोकांच्या भूमीवर आहे आणि त्यांच्या वाटाड्याशिवाय तिथे जाता येत नाही. घळीचे दोन भाग आहेत, वरचा आणि खालचा. उजेडाच्या खांबांसाठी प्रसिद्ध आहे तो वरचा.

आता हा उजेड आत येतो कसा? वरची घळ तळाशी रुंद आणि माथ्याशी अगदी चिंचोळी आहे. त्या फटीतून ऊन थेट तळापर्यंत पोचायचं तर सूर्य पुरेसा डोक्यावर हवा. तिथे जूनच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ७६ अंश वर असतो. डिसेंबरात जेमतेम ३० अंश. म्हणून हे खांब साधारण मार्चअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि तेही दुपारच्या आसपासच दिसतात. हिवाळ्यात ऊन वरच्या भिंतींवरच अडतं.

पण इथे एक गंमत आहे, बघा. उजेड आपल्या समोरून आडवा निघून गेला तर तो आपल्याला दिसत नाही. डोळ्यात शिरतो तेवढाच उजेड दिसतो. मग बाजूला उभं राहून तो खांब दिसतो कसा? धुळीमुळे. हवेतले कण थोडा उजेड आपल्याकडे वळवतात. कौलाच्या फटीतून येणारा कवडसा आपल्याला दिसतो तोही असाच. आपल्याकडे न्याय-वैशेषिकांनी याच कवडशातल्या कणाला ‘त्रसरेणू’ म्हटलं. डोळ्यांना दिसणारा सर्वांत लहान कण तो. त्यावरून त्यांनी न दिसणाऱ्या परमाणूचं अनुमान केलं. उजेडामुळे धूळ दिसते हे आपण सहज म्हणतो. पण धुळीमुळे उजेड दिसतो, हेही तितकंच खरं.

घळीतल्या वाटाड्यांना हे चांगलं ठाऊक आहे. हवा स्वच्छ असली की खांब फिका पडतो, मग ते वाळू उधळतात. क्षणात खांब उजळतो आणि कॅमेरे वाजू लागतात. मग हा फोटो ‘नैसर्गिक प्रकाशाचा’ म्हणायचा का?

उत्तर देण्याआधी रंगाकडे पाहू. ऊन वरच्या भिंतीवर आपटतं, तिथून समोरच्या भिंतीवर, तिथून आणखी खाली. दगडात लोहाची ऑक्साइडं असल्यामुळे दर उसळीला निळा भाग शोषला जातो आणि तांबूस भाग पुढे जातो. जिथे हा उसळलेला उजेड कमी आणि आकाशाचा उजेड जास्त, तिथे जांभळट छटा दिसते. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर ठेवलात, तर तो हा नारिंगीपणा दोष समजून धुऊन टाकू पाहतो. म्हणून जाणकार तो ‘डेलाइट’वर ठेवतात, किंवा फोटो रॉ फाइलमध्ये घेऊन रंग नंतर ठरवतात. पण आपला डोळासुद्धा थोडीफार अशीच सुधारणा करतो, बरं का! म्हणजे निवड टाळून पाहणं डोळ्यालाही जमत नाही.

उजेड-अंधाराचंही तसंच. खांब फार तेजस्वी, कोपरे फार काळे. फोटोतला जळून पांढरा झालेला भाग परत मिळत नाही. अंधारा भाग काही प्रमाणात उजळता येतो. म्हणून एक्स्पोजर उजळ भागाकडे पाहून ठरवायचं आणि माथ्यावरचं आकाश चौकटीबाहेर ठेवायचं. नेहमीच्या सहलीत ट्रायपॉड नेता येत नाही, तेव्हा आयएसओ वाढवायचा, कोपर अंगाशी घट्ट धरायचं आणि श्वास रोखायचा.

आता मघाचा प्रश्न. आपण तीन गोष्टी वेगळ्या करू. जे होतंच ते दिसेल असं करणं, ही एक. जे दिसतं त्यातलं काही निवडणं, ही दुसरी. जे नव्हतंच ते घालणं, ही तिसरी. वाळू उधळणं पहिल्यात मोडतं, कारण ऊन तिथे होतंच. व्हाइट बॅलन्स आणि चौकट दुसऱ्यात. संगणकावर नवा खांब काढणं तिसऱ्यात. पहिल्या दोन गोष्टींनी फोटो खोटा ठरत नाही. फक्त विचारलं तर काय केलं ते सांगता आलं पाहिजे. पीटर लिक या छायाचित्रकाराचा ‘फँटम’ हा कृष्णधवल फोटो याच घळीतला. तो ६५ लाख डॉलरना विकला गेल्याचं २०१४ साली त्याच्या बाजूनं जाहीर झालं. त्यात खांबात उठलेली धूळ मानवी आकृतीसारखी भासते. म्हणजे एवढी किंमत सांगितली गेली ती धुळीच्या फोटोची!

मात्र निवडीची एक बाजू जास्त गंभीर आहे. चौकटीत गर्दी येत नाही, तसं पाणीही येत नाही. वरच्या घळीच्या नावाहो नावाचा अर्थच ‘खडकातून पाणी वाहतं ती जागा’ असा आहे. या गुळगुळीत भिंती घडवल्या त्या अचानक येणाऱ्या लोंढ्यांनी आणि त्यांनी वाहून आणलेल्या वाळूनं. १२ ऑगस्ट १९९७ रोजी खालच्या घळीत असा लोंढा आला आणि ११ पर्यटक बुडून मेले. वादळी पाऊस झाला होता तो कित्येक किलोमीटर दूर. घळीपाशी फारसा पडलाही नव्हता. जी फट उजेड आत सोडते, तिच्यातून आकाशाचा जेमतेम एक पट्टा दिसतो. तेवढ्यावरून दूरच्या पावसाचा अंदाज कसा यावा?

तेव्हा तिथे कुणी गेलात, तर वाटाडा “चला बाहेर” म्हणाला की कॅमेरा खाली करून निघायचं. तो खांब पाहतच नसतो. त्याचं लक्ष चौकटीबाहेर असतं. आणि घरी बसून फोटो पाहणार असाल, तर भिंतीवरच्या त्या लाटा पाण्यानं काढलेल्या आहेत, एवढं आठवून पाहा.

इथे थांबू. आता प्रश्न घेऊ या.