आखडलेला पाय, दुसऱ्याचा खांदा

१९४०च्या दशकात अमेरिकेत डॉ. हर्मन कबात आणि फिजिओथेरपिस्ट मार्गारेट नॉट यांनी पोलिओ, पक्षाघाताच्या रुग्णांसाठी घडवलेल्या पद्धतीतून हा ताण आला. रुग्ण उताणा, जोडीदार त्याचा सरळ पाय खांद्यावर घेऊन ओढ लागेपर्यंत उचलतो. रुग्णाने टाच पाच-सहा सेकंद खांद्यावर रेटायची, मग सैल सोडायची. पाय आणखी थोडा वर जातो!

स्नायूभोवतीचं आवरण लांबलं, असं मीही वर्षानुवर्षं सांगत होतो. पण ते भलतंच चिवट. मिनिटभराच्या ओढीनं लांबत नाही. नंतरच्या मोजमापांत दिसलं, की वाढते ती मुख्यतः ओढ सोसण्याची तयारी. म्हणून ‘बस’ म्हटलं की जोडीदारानं थांबायचं. (हे शिकायला मलाच वेळ लागला.) पोटरीखाली मुंग्या आल्या तर दुखणं शिरेचं असू शकतं, तिथं ओढणं नकोच.