काट्याची साक्ष कितपत खरी?

माणसाने स्वतःचे वजन जाणून घ्यावे ही हौस फारशी प्राचीन नाही. तराजूत धान्य, कापूस, तूप आणि सोने शतकानुशतके पडत आले. माणूस त्यात बसला तो बहुधा दानधर्मासाठी. १६७४ साली राज्याभिषेकाच्या निमित्ताने शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली, परंतु त्या तुलेचे प्रयोजन महाराजांचे वजन किती हे ठरविण्याचे नव्हते, दान किती द्यावयाचे हे ठरविण्याचे होते. पुढे रेल्वेच्या फलाटांवर रंगीत दिव्यांची वजनयंत्रे आली. नाणे टाकले की जाड पुठ्ठ्याचे तिकीट खाली पडे. एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. प्रवासी दोन्ही वाचीत आणि दोहोंवर सारखाच विश्वास ठेवीत. आज तेच यंत्र आकाराने लहान होऊन घरोघरी न्हाणीघराच्या दाराशी येऊन बसले आहे. भविष्य छापण्याचे त्याने सोडले आहे. पण वजन म्हणून ते जे सांगते, त्यात भविष्यकथनाचा अंश पुरता गेला आहे असे मात्र म्हणवत नाही.

वजन कमी करण्याची धडपड आता केवळ मुंबई-पुण्याची मिरास राहिलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे आहेत. मराठवाड्यात तर या विषयाची खेडोपाडी चर्चा झाली. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांपासून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असताना दिवसातून दोनदाच जेवण्याचा पुरस्कार केला आणि शिक्षक, कारकून, निवृत्त ग्रामसेवक यांच्या बैठकांत पाऊसपाण्याच्या जोडीने किलोंचा हिशेब होऊ लागला. गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरितादेवीच्या देवस्थानामुळे परिचित आहे. कापूस आणि ऊस यांच्या वजनावर ज्यांचा वर्षाचा संसार ठरतो अशांचा हा मुलूख. अशा गावातही आज मधुमेहाचे निदान झालेल्या माणसाला डॉक्टर पहिला सल्ला देतात तो वजन उतरविण्याचा. तो माणूस भात सोडतो, चहातली साखर सोडतो, पहाटे डांबरी रस्त्याने चालू लागतो आणि आठ दिवसांनी काट्यावर उभा राहतो. काटा सांगतो की वजन एक किलोने वाढले. दुसऱ्या दिवशी तोच काटा दीड किलो कमी दाखवितो. एका आठवड्याची तपश्चर्या एका आकड्याने मातीमोल होते आणि दुसऱ्या आकड्याने पुन्हा उजळते. या माणसाने कोणत्या आकड्यावर भरवसा ठेवावा?

यंत्राचे दोष

घरगुती काटे मुख्यतः दोन जातींचे असतात. पहिल्या जातीत स्प्रिंग असते. भार पडला की ती ताणली जाते, त्या ताणाच्या प्रमाणात तबकडी फिरते. धातूलाही शीण असतो. वर्षानुवर्षे ताण सोसून स्प्रिंग सैल पडते, दमट हवेने गंजते, आणि रिकामा काटासुद्धा शून्यावर येईनासा होतो. दुसऱ्या जातीत चार पायांखाली भारसंवेदक बसविलेले असतात. भाराने त्यांतील धातूची पट्टी केसभर वाकते, तिच्यावर चिकटविलेल्या तारेचा विद्युत्‌रोध बदलतो आणि त्या बदलाचे भाषांतर आकड्यात होते. हे चारही पाय सारख्या, कठीण पृष्ठभागावर टेकले पाहिजेत. सतरंजीवर, सारवलेल्या भुईवर किंवा उंचसखल शहाबादी फरशीवर एखादा पाय अधांतरी राहिला की हिशेब चुकलाच. बॅटरी उतरली, उभे राहणारा एका बाजूला झुकला, की आकडा पुन्हा निराळा.

याहून सूक्ष्म गोष्ट अशी की, असा काटा वस्तुमान मोजीतच नाही; तो पृथ्वीचे आकर्षणबल मोजतो आणि त्यावरून किलोंचा अंदाज बांधतो. हे बल पृथ्वीवर सर्वत्र सारखे नाही. जर्मनीच्या उत्तर भागात जुळवलेला काटा तसाच्या तसा तलवाड्यात आणून ठेवला तर सत्तर किलोंचा माणूस त्यावर सुमारे दोनशे ग्रॅमने हलका भरेल. कसलेही पथ्य न करता लाभलेली ही घट सुखद खरी, पण ती भूगोलाची देणगी होय.

देहाचे चांचल्य

तथापि सगळा दोष यंत्राच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. तोलावयाची वस्तूच स्थिर नसेल तर सोनाराचा काटादेखील काय करील? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सकाळ आणि रात्र यांच्या वजनात एक-दोन किलोंचा फरक पडणे हे निरोगी शरीराचे सामान्य लक्षण आहे. लोणचे, पापड, खारा शेंगदाणा यांतील मिठामुळे शरीर पाणी धरून ठेवते. स्त्रियांच्या मासिक चक्रातही तसेच घडते. यकृतात आणि स्नायूंत साठविलेल्या शर्करेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. म्हणूनच उपवासाच्या पहिल्या चार दिवसांत वजन झपाट्याने उतरते आणि पारण्याच्या दुसऱ्या दिवशी तितक्याच झपाट्याने परत येते. उतरते ते पाणी, चरबी नव्हे.

चरबीचा हिशेब फार संथ आहे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. एखाद्याने रोज ५०० कॅलरींची तूट निष्ठेने सोसली तरी आठवड्याला जेमतेम साडेचारशे ग्रॅम चरबी घटावी. आता तुलना करून पाहावी. जो बदल मोजावयाचा तो अर्ध्या किलोचा. शरीरातील पाण्याची भरती-ओहोटी दोन किलोंची. आणि वरून स्वस्त काट्याची चूक आणखी एखाद्या किलोची. अशा परिस्थितीत एका दिवसाचा आकडा वाचून हर्ष वा खेद करणे म्हणजे मृगाच्या एका सरीवरून वर्षाचे पीकपाणी ठरविण्यासारखे आहे. पर्जन्यमानाची सरासरी काढतात, भाववाढीचा निर्देशांक काढतात; मग देहालाच हा न्याय का लावू नये? एकाच वेळी, एकाच काट्यावर, एकाच जागी रोज वजन घ्यावे आणि सात दिवसांची सरासरी मागील सात दिवसांच्या सरासरीशी ताडून पाहावी, एवढा साधा संख्याशास्त्रीय विवेक पुष्कळ मनस्ताप वाचवील.

येथे दोन प्रकारच्या चुकांत भेद करणे अगत्याचे आहे. जो काटा नेहमीच दोन किलो जास्त दाखवितो तो खोटा असला तरी सुसंगत आहे. वजन किती हे त्याला कळत नाही, पण किती उतरले हे तो बरोबर सांगतो. जो कधी दोन किलो जास्त आणि कधी दोन किलो कमी दाखवितो, तो मात्र सर्वथा निरुपयोगी. वजन उतरविणाऱ्याला पहिल्या काट्याशी संसार करता येतो, दुसऱ्याशी नाही.

खोटा काटा खपतो का?

असले निरुपयोगी काटे बाजारात टिकून राहतात याचे उत्तर पदार्थविज्ञानात नाही, अर्थशास्त्रात आहे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे प्रतिपादन असे की, मालाची प्रत विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर ग्राहक सरासरी प्रतीचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल परवडत नाही, म्हणून तो बाजारातून उठतो आणि वाईट माल उरतो. वजनकाट्यांना हा सिद्धांत तंतोतंत लागू पडतो. दुकानात काट्यावर उभ्या राहणाऱ्या ग्राहकाला आपले खरे वजन ठाऊक नसते. ते ठाऊक असते तर त्याने काटा घेतलाच नसता! तेव्हा तो काच किती चकचकीत आहे आणि दशांशानंतरचे आकडे किती आहेत हे पाहून निवड करतो. दशांश चिन्हापुढील अंक सूक्ष्मतेचा भास निर्माण करतात, अचूकतेची हमी देत नाहीत.

अशा बाजाराला वळण लावण्याचे काम पूर्वापार राज्यसंस्थेचे मानले गेले आहे. कौटिल्याने वजनमापांवर पौतवाध्यक्ष नावाचा अधिकारी नेमला आणि दर चार महिन्यांनी मापांची तपासणी सांगितली. स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये प्रमाणित वजनमापांचा कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने अमलात आणली. गावागणिक बदलणारे शेर, मण आणि पल्ले हळूहळू मागे पडले. आज २००९ चा वैधमापनशास्त्र कायदा लागू आहे. व्यवहारासाठी किंवा माणसाच्या आरोग्यरक्षणासाठी वापरावयाचे वजनमाप शासनाकडून पडताळून, मुद्रांकित करून घेतलेच पाहिजे, असे तो सांगतो. त्यामुळे किराणा दुकानातील काट्याला शिक्का लागतो, दवाखान्यातील काट्यालाही लागावयास हवा. परंतु घरात स्वतःपुरता ठेवलेला काटा कोणाला काही विकत नाही, म्हणून निरीक्षकाची पावले त्याच्याकडे वळत नाहीत. जगाचा किलोग्रॅम २० मे २०१९ पासून धातूच्या ठोकळ्यावरून काढून प्लांकच्या स्थिरांकावर बसविण्यात आला; इतकी शास्त्रशुद्ध व्याख्या असलेला तो किलोग्रॅम घराच्या उंबरठ्यापर्यंत येता येता मात्र वाटेत सांडतो.

आकड्यामागची माणसे

हा सारा प्रश्न सुखवस्तूंच्या हौसेचा आहे असे कोणी म्हणेल. वस्तुस्थिती तशी नाही. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३६ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. हे निदान होते अंगणवाडीत, काट्यावरच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांनुसार एक वर्षाच्या मुलग्याचे वजन ७.७ किलोंखाली गेले तर तो कमी वजनाचा आणि ६.९ किलोंखाली गेले तर तीव्र कमी वजनाचा. दोन रेषांमध्ये अंतर आहे ते अवघे आठशे ग्रॅम. अर्ध्या किलोने जास्त दाखविणारा काटा पावणेसात किलोंच्या बालकाला रेषेच्या वर नेऊन बसवितो; कागदोपत्री त्याची प्रकृती सुधारते आणि ज्या विशेष देखरेखीची त्याला निकड असते ती त्याच्या वाट्याला येत नाही. घरातल्या चुकीच्या काट्याने प्रौढाचा उत्साह मावळतो. अंगणवाडीतल्या चुकीच्या काट्याने मुलाचे बालपण पणाला लागते.

बीड जिल्ह्याला हे तत्त्व पटवून देण्याची गरज पडू नये. येथून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि त्यांची मजुरी टनावर ठरते. उसाच्या काटामारीबद्दल शेतकरी संघटना अनेक वर्षे तक्रार करीत आल्या आहेत. कापसाच्या खेडा खरेदीतही वांध्याचा विषय तोच. काट्यावर शंका घेणे हा या मुलखाचा स्वभावच बनला आहे. नवल एवढेच की, उसाच्या काट्यावर संशय घेणारा हाच माणूस स्वतःच्या देहाचे वजन सांगणाऱ्या काट्यापुढे मात्र निमूट मान तुकवितो.

काय करता येईल?

उपाय खर्चिक नाहीत. पहिला उपाय ग्राहकाच्या हातचा. युरियाची शिवणीबंद गोणी आता ४५ किलोंची असते. ती उचलून घरच्या काट्यावर ठेवावी. रिकाम्या गोणीचे थोडेसे वजन धरून काटा ४५ च्या आसपास थांबला तर ठीक. ४३ किंवा ४८ दाखवील तर तो किती खोटा हे कळले. हाच प्रयोग तीन वेळा करावा. तिन्ही वेळा आकडा सारखा आला तर काटा निदान सुसंगत आहे. गोणी नसेल तर वाण्याकडील शिक्क्याचे वीस किलोंचे वजन चालेल. दुसरा उपाय शासनाचा. वजनमापे खात्याने वर्षातून एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी प्रमाणित वजने घेऊन मोठ्या गावी बसावे आणि अंगणवाडी, शाळा, आरोग्य केंद्र व घरे यांतील माणसे मोजण्याचे काटे विनामूल्य पडताळून द्यावेत. अंगणवाडीच्या काट्यावर शेवटच्या पडताळणीची तारीख लावावी आणि ती पालकांना वाचता यावी. तिसरा उपाय उत्पादकांसाठी: घरगुती काट्याच्या खोक्यावर कमाल संभाव्य चूक ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती करावी. चूक छापावी लागली की ती कमी करण्याची स्पर्धा लागते; मग अकरलॉफचा सिद्धांत उलट्या दिशेने काम करू लागेल.

आणि काट्यावर उभ्या राहणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावे. साखरेची तपासणी, रक्तदाब, कमरेचा घेर, जिना चढताना लागणारी धाप हेही साक्षीदारच आहेत. न्यायालय एकाच साक्षीदाराच्या, त्यातही रोज जबानी फिरविणाऱ्या साक्षीदाराच्या, आधारे सहसा निकाल देत नाही. पहाटेचे चालणे सफल झाले की निष्फळ, याचा निवाडा तरी एकट्या काट्यावर का सोपवावा?