किमोआधी वीर्य साठवताना

धोका : सायक्लोफॉस्फमाइड, बुसल्फानसारखी औषधे, अंडकोषांवरचे रेडिएशन. काहींची शुक्राणूनिर्मिती काही वर्षांनी परतते, काहींची कधीच नाही.

वेळ : पहिल्या डोसच्या आधी.

वयात आलेला मुलगा : वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवतात. गोठवलेल्या शुक्राणूंपासून पहिली गर्भधारणा १९५३ मधली.

वयात न आलेला : शुक्राणूच नसतात. अंडकोषाची ऊती गोठवणे अजून प्रायोगिक.

संमती : १८ वर्षांखाली सही पालकांची. मुलाशी मात्र डॉक्टरांनी एकट्यानेही बोलावे. आईबाबांसमोर तो लाजू शकतो.

नवी मुंबईतल्या तळवलीहून : टाटा मेमोरियलचे कर्करोग केंद्र ‘अ‍ॅक्ट्रेक’ खारघरला, घणसोली स्थानकाहून पनवेल लोकल थेट जाते. डॉक्टरांनी वीर्य साठवण्याचा विषय काढला नाही, तर पालकांनी पहिल्याच भेटीत विचारावे.