सहज जिंकणारा मुलगा

फेब्रुवारी 2025 मध्यें अहिल्यानगर येथें महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्यांत निर्णयावरून वाद होऊन एका मल्लानें पंचास लाथ मारली व त्यास तीन वर्षांची बंदी झाली, हें वृत्त वाचकांच्या स्मरणांत असेल. हरलेल्यानें कसें वागावें याविषयीं तेव्हां घरोघर पुष्कळ बोललें गेलें, आणि तें योग्यच होतें. परंतु आपण जिंकणारच हें ज्या मुलास पहिल्या झटापटींतच कळून चुकतें, त्यानें कसें वागावें, हा प्रश्न त्या गदारोळांत कोणी काढल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. मला मात्र तो गेलीं दहा वर्षें छळीत आहे.

घोडनदीकांठचें शिरूर आणि भीमाकांठचें दौंड या दोन तालुक्यांत माझी बहुतेक नोकरी झाली. मी संस्कृत शिकविणारा. लंगोटाशीं माझा संबंध नाहीं. तथापि यात्रेच्या हगाम्यांत मास्तरास पंचांशेजारीं बसविण्याची रीत असल्यामुळें कुस्त्या पुष्कळ पाहिल्या. तेथें गुण नसतात. पाठ मातीस लागली कीं संपलें. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या मला विशेष आवडत, त्या जोड लावण्याच्या पद्धतीमुळें. जुना जाणता पहिलवान दोन पोरें शेजारीं उभीं करी, मनगट, मान, मांडी न्याहाळी, "कोणत्या तालमीचा रे तूं?" म्हणून विचारी, आणि जोड विषम दिसली तर दोघांसहि माघारीं धाडी. चालुक्यराजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लासा'तहि मल्लांचे वर्ग पाडलेले आहेत. तेव्हां ही दृष्टि कांहीं आजची नव्हे.

शालेय स्पर्धेंत जोड वजनकाटा लावतो. वजन सारखें, वयोगट एक, बाकी सर्व चिठ्ठीच्या स्वाधीन.

2015 सालीं जिल्ह्याच्या अशाच एका स्पर्धेस मी आमच्या मुलांबरोबर गेलों होतों. आमचा मुलगा दौंडकडचा, सहा-सात वर्षें तालमींत घुमलेला. समोरचा शिरूर तालुक्यांतील एका वस्तीवरचा; गादीवर बहुधा प्रथमच उभा राहिलेला, पायांत उसने बूट. आमच्या मुलानें दुहेरी पट काढून त्यास खालीं घेतलें: दोन गुण. भारंदाज घेऊन आणखी दोन. त्या पोराचे खांदे गादीपासून चार बोटें उरले होते. किंचित् दाबलें असतें तर चीतपट होऊन सर्व आटोपलें असतें. इतक्यांत आमच्या मार्गदर्शकाची हांक आली, "सोड त्याला, उठूं दे!" तो उठला. पुन्हा पट, पुन्हा दोन. पुन्हा सोडला, पुन्हा दोन. आठ गुण झाल्यावर तर आमचा बहाद्दर हात पाठीमागें घेऊन त्याच्याभोंवतीं फिरूं लागला आणि प्रेक्षकांत हंशा पिकला. दहाव्या गुणावर शिटी वाजली. टाळ्या वाजविणारांत मीहि होतों.

हात मिळवितांना त्या पोरानें वर पाहिलें नाहीं. पुढील वर्षीं मी त्याच्या शिक्षकांपाशीं चौकशी केली. ते म्हणाले, "त्यानें कुस्ती सोडली, सर. वडिलांबरोबर उसाला दारें धरतो. घरचे म्हणाले, हसूं करून घ्यायला कशाला जातोस?"

फ्रीस्टाइल कुस्तींत दहा गुणांची आघाडी होतांच लढत थांबते, ग्रीको-रोमनमध्यें आठ गुणांवर. मग अतिरेकास वाव कोठें उरला, असें क्रीडाशिक्षक विचारतात. कायद्यानें गुणांस मर्यादा घातली, हें खरें. थट्टेस ती घालतां येत नाहीं. दुबळ्याशीं हलक्या हातानें खेळावें, असेंहि मी म्हणत नाहीं. तोहि अपमानच. पूर्ण जोर लावून चटकन् चीत करणें यांत त्याचा मान राहतो. तो गडी म्हणून हरतो, खेळणें म्हणून नव्हे. आपल्या घरांतील मुलें गादीवर उतरत नाहींत म्हणून हा विषय परका मानूं नये. कॅरममध्यें धाकट्या चुलतभावास शून्यावर हरवून वर घरभर सांगत सुटणारा थोरला प्रत्येक वाड्यांत असतो, आणि त्याचें कौतुक करणारी एखादी आत्याहि असतेच.

सभापर्वांत जरासंध चौदाव्या दिवशीं थकतो, तेव्हां श्रीकृष्ण भीमास म्हणतो कीं, थकलेल्या शत्रूस फार पीडूं नये, पीडल्यास तो प्राण सोडील. हा प्रसंग शिकवितांना मी वर्गास विचारीत असें, ही दया कीं खूण? भीमानें ती खूण म्हणूनच घेतली. "सोड त्याला, उठूं दे" हे शब्दहि कागदावर दयेचेच दिसतात.

आमचा तो मुलगा गेल्या वर्षीं गुरुपौर्णिमेस घरीं आला होता. मीं विषय काढला. त्यास दहा-शून्य हा निकाल चांगला आठवत होता. समोरच्याचें नांव आठवेना. तें मलाहि सांगतां आलें नाहीं.