ओंडक्याचे माप आणि ओंडक्याचे वजन

गोंदिया जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. उत्तरेला मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा आहे, पूर्वेला छत्तीसगड. गोंदियाहून बालाघाट जेमतेम चाळीसएक किलोमीटर. देवरीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग पुढे छत्तीसगडात शिरतो. राज्यांच्या या हद्दी माणसांनी आखलेल्या. जंगलाला त्यांचा पत्ता नाही. साग, ऐन, बिजा, मोह, तेंदू ही झाडे इकडेही आहेत आणि तिकडेही. साहजिकच लाकूडही इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जाते. नाक्यावर लाकडाने लादलेला ट्रक थांबलेला, चालक हातात कागद घेऊन उभा आणि एक वनरक्षक ओंडक्यांच्या टोकांवरच्या खुणा पाहत मागून पुढे चाललेला, हे दृश्य तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्या कागदावर काय लिहिलेले असते आणि त्यात पदार्थविज्ञान कोठे येते, ते आज पाहू.

समजा, आमगावच्या एका गृहस्थांना स्वतःच्या हाताने टेबले, कपाटे बनविण्याचा नाद आहे. बाजारातील चिरीव फळ्या महाग पडतात आणि हव्या त्या रुंदीच्या मिळत नाहीत, म्हणून त्यांनी बालाघाटच्या बाजूला वन विभागाच्या लिलावात सागाचे ५ ओंडके घेतले. (असे लिलाव आपल्याकडेही होतात, वन विभागाच्या आणि १९७४ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र वन विकास महामंडळाच्या आगारांत.) प्रत्येक ओंडका ३ मीटर लांब, मध्यावरचा घेर १२० सेंटिमीटर. सोपेपणासाठी पाचही सारखेच धरू. गृहस्थांजवळ दीड टन माल नेणारा टेम्पो आहे. पाच ओंडके त्यात बसतील का?

जागेच्या दृष्टीने बसतील. वजनाचा प्रश्न वेगळा आहे, आणि तेथेच फसगत होते.

आगाराच्या पावतीवर प्रत्येक ओंडक्याचे घनफळ ०.२७ घनमीटर लिहिलेले असेल. हे आले कोठून? घेराचा चौथा भाग घ्यावयाचा, त्याचा वर्ग करावयाचा आणि लांबीने गुणावयाचे. १२० चा चौथा भाग ३० सेंटिमीटर, म्हणजे ०.३ मीटर, वर्ग ०.०९, गुणिले ३, म्हणजे ०.२७. हा चौथाई घेराचा नियम. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रज मोजणीदाराने १७३६ साली या मापाची तयार कोष्टके छापली आणि इंग्रजांबरोबर ती आपल्या लाकूड आगारांत आली. टेप आणि तोंडी हिशेब एवढ्यावर भागते, म्हणून ती टिकून राहिली.

पण ओंडका चौकोनी नसतो. तुम्ही नववीत शिकलेले वृत्तचितीचे सूत्र लावून पाहा. वर्तुळाचे क्षेत्रफळ घेरावरून काढायचे तर घेराच्या वर्गाला पायच्या चौपटीने, म्हणजे १२.५७ ने, भागावे लागते. १.२ चा वर्ग १.४४; भागिले १२.५७, गुणिले ३. उत्तर येते ०.३४४ घनमीटर. पावतीवरचा आकडा खऱ्या आकड्याच्या ७८.५ टक्के आहे. हे प्रमाण ओंडक्याच्या जाडीवर अवलंबून नाही. चौथाई नियमात १६ ने भागतात आणि खऱ्या सूत्रात १२.५७ ने, एवढाच फरक. म्हणून प्रत्येक ओंडक्यात साडेएकवीस टक्के लाकूड कागदावरून नाहीसे होते.

मग ही लबाडी आहे का? नाही. विकणारा आणि घेणारा दोघेही याच मापाने बोलतात, भावही याच मापावर ठरतो, तेव्हा कोणाचे नुकसान होत नाही. कित्येक जण सांगतात की ओंडका चौरस तासल्यावर जेवढे लाकूड उरते तेवढे या नियमाने मिळते. तेही खरे नाही. आपल्या ओंडक्याचा व्यास ३८.२ सेंटिमीटर आहे. त्यात बसणाऱ्या सर्वांत मोठ्या चौरसाची बाजू २७ सेंटिमीटर येते, ३० नव्हे. कंपास घेऊन कागदावर काढून पाहा.

घेर मध्यावरच का मोजतात, हेही विचारण्यासारखे आहे. ओंडका बुंध्याकडे जाड आणि शेंड्याकडे बारीक असतो. समजा एका टोकाचा घेर १४० आणि दुसऱ्याचा १०० आहे. शंकूच्या छिन्नकाचे नेमके सूत्र वापरले तर घनफळ ०.३४७ येते, मध्यावरच्या घेरावरून ०.३४४. एक टक्क्याहूनही कमी चूक. दोन्ही टोकांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतली तर ०.३५३ येते, म्हणजे चूक जवळजवळ दुप्पट आणि उलट दिशेची. दोन ठिकाणी मोजण्यापेक्षा एके ठिकाणी मोजणे अधिक बिनचूक ठरावे, ही गंमतच आहे.

आता वजनाकडे येऊ. सागाच्या एक घनमीटर ओल्या ओंडक्यात निव्वळ कोरडे लाकूड सुमारे ५५० किलो असते. बाकी पाणी. लाकडातले पाणी कोरड्या लाकडाच्या वजनाच्या टक्क्यांत सांगण्याची पद्धत आहे. नुकत्याच तोडलेल्या सागात ते ८० टक्के धरू. मग एका घनमीटरचे वजन ९९० किलो झाले, म्हणजे जवळजवळ पाण्याइतकेच. ब्रह्मदेशात सागाचे ओंडके नद्यांतून वाहत नेत असत. तेथे झाड तोडण्यापूर्वी बुंध्याभोवती खोल खाच पाडून ते दोन-तीन वर्षे उभ्या उभ्याच वाळू देत, ते याचसाठी. हिरवा साग तरंगेलच अशी खात्री नसते.

आपल्या एका ओंडक्यात ०.३४४ घनमीटरला १८९ किलो लाकूड आणि १५१ किलो पाणी आहे. एकूण ३४० किलो. पाच ओंडक्यांचे १७०० किलो. आणि टेम्पोवाल्याने पावतीवरचा आकडा धरून हिशेब केला तर? ०.२७ गुणिले ९९० म्हणजे २६७ किलो, पाचांचे १३३५. कागदावर टेम्पो सुरक्षित आहे. रस्त्यावर त्यात २०० किलो जादा भार आहे. खरेदीविक्रीत निरुपद्रवी असलेले माप भाराच्या हिशेबात वापरले की ब्रेक आणि टायर यांच्याशी गाठ पडते. माझ्या मते आगाराच्या प्रत्येक पावतीवर खरे घनफळही छापावे.

यावर एक उपाय फुकटचा आहे: थांबणे. हेच ओंडके वाळून पाणी १२ टक्क्यांवर आले तर प्रत्येकाचे वजन २१२ किलो भरेल, पाचांचे १०६०. म्हणजे घाई करणारा मनुष्य साडेसहाशे किलो निव्वळ पाणी भाडे देऊन वाहून नेतो. मात्र अख्खा ओंडका इतका वाळायला वर्षे लागतात आणि तो उन्हात टाकला तर फाटतो. लाकूड सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. पूर्ण वाळताना साग गाभ्यापासून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, सुमारे २.५ टक्के आकसतो. वर्षवलयांच्या दिशेने ५.८ टक्के. त्रिज्या अडीच टक्क्यांनी घटली तर परीघही अडीच टक्क्यांनीच घटला पाहिजे, ही तर भूमितीची अट! परीघ त्याहून जास्त आकसू पाहतो, ताण वाढतो आणि शेवटी गाभ्याकडे जाणारी चीर पडते. टोकांना हे आधी घडते, कारण लाकडातील पाणी आडव्यापेक्षा उभ्या धाग्यांतून दहा-पंधरा पट वेगाने बाहेर पडते. म्हणून जाणकार लोक टोकांना मेण किंवा जाड रंग फासतात आणि ओंडके जमिनीपासून उचलून सावलीत रचतात. आपल्या भागातल्या मे महिन्यात ही काळजी घेतली नाही, तर दोन्ही टोकांचे कित्येक सेंटिमीटर लाकूड चुलीत जाते.

३४० किलोचा ओंडका टेम्पोत चढवायचा कसा? यारी नसेल तर दोन दोरखंड आणि दोन मजबूत वासे पुरतात. वासे टेम्पोला तिरपे टेकवायचे. प्रत्येक दोरखंडाचे एक टोक टेम्पोच्या तळाला बांधायचे, दोर ओंडक्याखालून फिरवून वर आणायचा आणि टेम्पोत उभे राहून ओढायचा. ओंडका गडगडत वर येतो. वासे ३ मीटर लांब आणि चढ १ मीटर असेल तर उतरणीमुळे बळ एक तृतीयांश झाले, म्हणजे ११३ किलोभार. शिवाय ओंडका स्वतःच चल कप्पीसारखा वागतो आणि ते निम्मे होते. उरले ५७ किलोभार आणि थोडे घर्षण. दोन माणसांना हे सहज जमते. किंमत अर्थात मोजावी लागते: ओंडका ३ मीटर चढताना दोर ६ मीटर ओढावा लागतो. एक गोष्ट ठसठशीत लक्षात ठेवा. ओंडका वर जात असताना त्याच्या खालच्या बाजूला कोणीही उभे राहू नये. दोर तुटला तर तो सगळा वेग त्या माणसाला मिळतो.

चढविल्यावर दोन ओंडक्यांच्या खाचेत तिसरा ठेवतात. तिसरा शांत बसलेला दिसतो, पण तो खालच्या दोघांना बाहेर ढकलत असतो. तिन्ही सारखे असतील तर स्पर्शबिंदूतून जाणारी रेषा उभ्या रेषेशी ३० अंशांचा कोन करते. घर्षण सोडून दिले तर वरच्याच्या वजनाच्या २९ टक्के बळ प्रत्येक बाजूला लागते. आपल्या ओंडक्यांसाठी ते ९८ किलोभार झाले. टेम्पोच्या बाजूला उभे खुंट पक्के का हवेत ते यावरून कळेल. जोरात ब्रेक लावल्यावर जडत्वामुळे ओंडके पुढे, चालकाच्या पाठीकडे सरकू पाहतात. पावसात भिजलेल्या किंवा साल काढलेल्या ओल्या ओंडक्यांमधील घर्षण त्यांना थोपवायला पुरत नाही. साखळ्या आवळून बांधणे आणि पुढची भिंत भक्कम असणे यांना पर्याय नाही. आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून साखळ्या पुन्हा आवळाव्यात, कारण हादऱ्यांनी ओंडके खाली बसतात आणि साखळ्या सैल होतात.

आता तो नाक्यावरचा कागद. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ४१ ने वनोपजाच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिलेला आहे. इमारती लाकूड जंगलातून आणलेले असो वा नसो, ते या कायद्याने वनोपजच आहे. तेव्हा सागाला वाहतूक परवाना लागतो, मग तो साग तुमच्या स्वतःच्या बांधावरचा का असेना. सुबाभूळ, निलगिरी यांसारख्या झाडांना अनेक राज्यांनी सूट दिली आहे, पण प्रत्येक राज्याची यादी निराळी. हद्द ओलांडताना दोन्हीकडची यादी पाहावी लागते. परवान्यावर ओंडक्यांची संख्या, प्रत्येकाची लांबी, घेर आणि घनफळ असते, आणि ओंडक्याच्या टोकावर शिक्क्याच्या हातोड्याने उठविलेली खूण असते. पूर्वी हद्दीवर नवा परवाना घ्यावा लागे. २९ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणाली देशभर सुरू केली. संगणकावर अर्ज करून मिळालेला एकच परवाना आता अनेक राज्यांत चालतो.

या कायद्यातील कलम ६९ विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे असे आहे. वनोपज सरकारचे की नाही असा वाद निर्माण झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच मानले जाते. म्हणजे लाकूड आपले असल्याचा पुरावा आणणे हे मालकाचे काम. आणि पुरावा म्हणजे काय, तर हातोड्याची खूण आणि टेपने घेतलेली मापे! मापे जुळली नाहीत तर संशय येतो आणि गाडीसकट माल जप्त होऊ शकतो. घेर मोजताना २ सेंटिमीटरची चूक झाली, टेप जरा तिरपी धरली, की १२० चे १२२ होतात; घेराचा वर्ग होत असल्यामुळे घनफळात ३.४ टक्के वाढ दिसते. साल धरून मोजले की साल काढून, यानेही फरक पडतो. म्हणून आमच्या गृहस्थांनी आगारातच, परवाना हाती घेण्यापूर्वी, पाचही ओंडके स्वतः पुन्हा मोजलेले बरे.

ओंडके घरी आले. चिरायचे कोठे? स्वतःची आरागिरणी मांडायची तर परवाना लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातील आदेशानंतर आरागिरण्यांवरील नियंत्रण फार कडक झाले आहे, तेव्हा हौसेखातर यंत्र आणण्यापूर्वी वन कार्यालयात विचारावे. बहुधा परवानाधारक गिरणीतच जाणे सोपे. तेथे मात्र पाते पाहून घ्यावे. २७ सेंटिमीटरच्या चौरस ठोकळ्यातून २५ मिलिमीटर जाडीच्या फळ्या काढायच्या आहेत. गोल पात्याने प्रत्येक कापात ६ मिलिमीटर लाकडाचा भुसा होत असेल तर ८ फळ्या निघतात. पट्टी पात्याने २ मिलिमीटरच जात असेल तर १०. पाच ओंडक्यांत १० फळ्यांचा फरक पडला. गोल पात्याच्या कापात ८ फळ्यांनंतर उरलेल्या पट्टीची जाडी किती, ते तुम्ही काढा. शेवटच्या फळीनंतरचा कापही धरायला विसरू नका.